फडक्यात बांधलेल्या अंगठ्या: इजिप्तच्या पुरातत्त्वावर साहसकथा कशी लिहावी

प्राचीन इजिप्तचा राजा तुतानखामेन याच्या थडग्यातल्या वस्तूंची नोंद चालू असताना ते थडगं शोधणाऱ्या पुरातत्त्वज्ञ हॉवर्ड कार्टरला एका पेटीत गुंडाळलेलं फडकं सापडलं. फडक्यात सोन्याच्या मूठभर अंगठ्या बांधलेल्या होत्या. अंगठ्या अशा ठेवण्याची रीत नव्हती. त्या तिथे पोचल्या त्या चोरामुळे. दफनानंतर थोड्याच काळात या थडग्यात दोनदा चोरी झाली होती. कोणीतरी घाईघाईत अंगठ्या फडक्यात बांधल्या, मग एकतर तो पकडला गेला किंवा गाठोडं टाकून पळाला. नंतर आवराआवर करायला आलेल्या अधिकाऱ्याने ते फडकं गाठ न सोडता जवळच्या पेटीत कोंबलं आणि दार पुन्हा लिंपून टाकलं. तीन हजारांहून जास्त वर्षं ती गाठ तशीच राहिली.

इजिप्तवर साहसकथा लिहू पाहणाऱ्या प्रत्येकाला मी सोन्याच्या मुखवट्याआधी हे फडकं दाखवते. मुखवटा बघून माणूस थक्क होतो आणि तिथेच थांबतो. फडकं बघितलं की प्रश्न पडायला लागतात. कोणी बांधलं? तो सुटला का? ज्याने ते पेटीत टाकलं, त्याने सगळ्या अंगठ्या परत ठेवल्या का? माझा अनुभव असा की वस्तू आपल्या जागेवर असते तोवर ती इतिहास असते, आणि जागेवरून हलली की तिची गोष्ट होते. पुढच्या सगळ्या पायऱ्या या एकाच गोष्टीवर उभ्या आहेत.

पहिली पायरी: कुठला इजिप्त, ते ठरवा

‘प्राचीन इजिप्त’ म्हणून एकच एक काळ नाही. खुफू राजाचा गिझामधला मोठा पिरॅमिड इ.स.पू. २५६०च्या सुमाराचा. तुतानखामेन त्यानंतर साधारण बाराशे वर्षांनी झाला, म्हणजे त्याच्यासाठीही पिरॅमिड ही पुराणकाळातली गोष्ट होती. क्लिओपात्रा इ.स.पू. ३० मध्ये गेली. काळाच्या हिशेबाने ती पिरॅमिड बांधणाऱ्यांपेक्षा आपल्या जास्त जवळची आहे. तुमच्या कथेत खुफूच्या दरबारात घोड्यांचा रथ धावला, तर जाणता वाचक तिथेच पुस्तक मिटेल, कारण घोडा आणि रथ इजिप्तमध्ये कितीतरी शतकांनी आले.

कथेसाठी ढोबळमानाने तीन काळ हाताशी आहेत. एक खुद्द फॅरोंचा, म्हणजे इजिप्तच्या प्राचीन राजांचा काळ. दुसरा उत्खननाचा सुवर्णकाळ, म्हणजे नेपोलियनच्या १७९८च्या स्वारीपासून दुसऱ्या महायुद्धापर्यंतचा. तिसरा आजचा. काळ ठरला की कायदाही ठरतो, आणि साहसकथेत कायदा फार कामाचा असतो. एके काळी परदेशी संशोधकांना सापडलेल्या वस्तूंमधला वाटा मिळत असे. १९८३च्या ११७ क्रमांकाच्या कायद्याने जमिनीत सापडणारी प्रत्येक प्राचीन वस्तू इजिप्तच्या मालकीची ठरवली. त्यामुळे आज घडणाऱ्या कथेत तुमचा नायक मूर्ती पिशवीत घालून विमानात बसला, तर तो नायक राहत नाही, चोर होतो. तुम्हाला चोराचीच कथा लिहायची असेल तर अवश्य लिहा, पण ते ठरवून लिहा.

दुसरी पायरी: रहस्य शोधा, पण उत्तर माणसांकडे ठेवा

इथे मी थोडी रेंगाळणार आहे, कारण बहुतेक कथा इथेच फसतात. रहस्य म्हणजे गुप्त शक्ती, परग्रहवासी, हरवलेलं ज्ञान असं समजून लेखक पळत सुटतो. खरं उत्खनन काय देतं, त्याचा एक नमुना बघा.

फेब्रुवारी १९२५, गिझा. अमेरिकन पुरातत्त्वज्ञ जॉर्ज राइझनर यांच्या पथकाचा छायाचित्रकार मोठ्या पिरॅमिडच्या पूर्वेला कॅमेरा लावत होता. तिकाटण्याचा एक पाय जमिनीत रुतला. खाली खडक नव्हता, चुन्याचा गिलावा होता. राइझनर तेव्हा अमेरिकेत होते. गिलावा काढला तर खाली दगडांनी भरलेली विहीर निघाली, सुमारे सत्तावीस मीटर खोल, म्हणजे आठनऊ मजली इमारत जमिनीत उलटी पुरावी तशी. तळाशी छोटी खोली. तिथे सोन्याच्या पत्र्याने मढवलेलं सामान होतं: पलंग, खुर्च्या, पालखीसारखी वाहून न्यायची खुर्ची, चांदीवर रंगीत खड्यांची फुलपाखरं जडवलेली कांकणं. लाकूड कुजून भुसा झालं होतं, त्यामुळे सोन्याचे पत्रे जसे पडले तसेच टिपून घ्यायला महिनेच्या महिने गेले. सोन्याच्या चित्रलिपीतल्या अक्षरांवरून नाव लागलं: हेतेफेरेस, खुफूची आई.

अलाबास्टर या फिकट दगडाची शवपेटी बंद होती. मार्च १९२७ मध्ये निमंत्रित पाहुण्यांसमोर झाकण उचललं गेलं. आत काहीच नव्हतं. जवळच भिंतीतल्या कोनाड्यात मात्र राणीचे आतले अवयव ठेवलेली पेटी जशीच्या तशी होती.

राइझनर यांनी मांडलेलं उत्तर असं: राणीचं मूळ थडगं गिझाच्या दक्षिणेला दाहशूर इथे होतं. ते फोडलं गेलं, चोरांनी शव नेलं. अधिकाऱ्यांनी उरलेलं सामान आणि रिकामी पेटी गुपचूप गिझाला हलवली आणि आईचं शव गेलंय हे राजाला कळू दिलं नाही. पुढच्या अभ्यासकांनी या उत्तरावर शंका घेतल्या, वेगळी उत्तरं दिली. पण कथालेखक म्हणून त्या एका कल्पनेकडे बघा. पृथ्वीवरचा सर्वांत बलवान माणूस रिकाम्या पेटीसमोर आईसाठी हात जोडतोय आणि भोवतालच्या दहा जणांना खरं काय ते माहीत आहे. त्या दहांतल्या एकाच्या तोंडून गोष्ट सांगा. शापाची गरजच उरत नाही.

तर करायचं एवढंच. कागदावर एक वस्तू लिहा. ती कुठे असायला हवी होती ते लिहा, प्रत्यक्षात कुठे सापडली ते लिहा. मग या दोन जागांमध्ये उभी असलेली माणसं शोधा: नेणारा, पाहणारा, गप्प बसणारा, पैसे खाणारा. चार नावं जमली की कथानक उभं राहायला लागतं.

तिसरी पायरी: नकाशा काढा, मापांसकट

तुतानखामेनचं थडगं म्हटलं की वाचकाच्या डोळ्यांसमोर देऊळ उभं राहतं. प्रत्यक्षात सोळा पायऱ्या, एक उतरता बोळ आणि चार खोल्या, सगळं मिळून सुमारे ११० चौरस मीटर. मुंबईतला दोन-तीन बेडरूमचा फ्लॅट. त्यात पाच हजारांवर वस्तू रचलेल्या, रथ सुटे करून ठेवलेले, पलंगांखाली पेट्या. कार्टरच्या पथकाला ते रिकामं करायला दहा वर्षं लागली. तुमच्या कथेतला पाठलाग अशा जागेत होणार असेल तर पात्रं धावणार नाहीत. ती अंग चोरून सरकतील आणि कोपर लागून काहीतरी पडेल.

भिंतीतून सुटणारे विषारी बाण विसरा. खऱ्या अडचणी पुरेशा भयंकर आहेत: पिरॅमिडच्या वाटेत वरून सोडलेले दगडी दरवाजे, राजांच्या खोऱ्यातल्या, म्हणजे फॅरोंना पुरलेल्या दरीतल्या थडग्यांमध्ये वाटेतच खणलेली खोल विहीर, पुराने भरलेला आणि वाळून सिमेंटसारखा झालेला गाळ, वटवाघळांची विष्ठा, कोंडलेली हवा, नुसत्या श्वासाने सुटणारा रंगाचा पापुद्रा. शेवटची अडचण मला सर्वांत प्रिय आहे. जीव वाचवायला भिंतीला टेकायचं, की तीन हजार वर्षांचं चित्र वाचवायला टेकायचं नाही, हा प्रसंग कुठल्याही बाणापेक्षा ताणाचा.

उजेड कशाचा, हेही आधीच ठरवा. थडगी खोदणाऱ्या कारागिरांना वाती मोजून दिल्या जात आणि त्यांचा हिशेब लिहून ठेवला जाई. असे हिशेब देर अल-मदिना या त्यांच्या गावात खापरांवर आणि दगडाच्या कपच्यांवर सापडले आहेत. किती वाती उरल्या यावर वेळ मोजणारं पात्र तुमच्या कथेत असू शकतं.

चौथी पायरी: पात्रं स्थानिक करा

टोपी घातलेला एकटा परदेशी वीर आता पुरे झाला. उत्खनन हे गावगाड्याचं काम आहे. मुकादमाला तिथे रईस म्हणतात. वाळूचा थर कुठे बदलला हे त्याला हाताला कळतं. किफ्त गावच्या माणसांना ब्रिटिश पुरातत्त्वज्ञ फ्लिंडर्स पेट्री यांनी खोदाईचं शिक्षण दिलं आणि पुढे पिढ्यान्‌पिढ्या ‘किफ्ती’ हे कुशल उत्खनकाचंच नाव झालं. याशिवाय टोपल्या वाहणारी पोरं, नोंदणीकार, चित्र उतरवून घेणारे, संवर्धक, सरकारी निरीक्षक. कथेचा नायक यांतला कोणीही होऊ शकतो.

खलनायक हवा असेल तर एकच सुचवते: खलनायकाला पोट द्या. राजांच्या खोऱ्याजवळच्या कुर्ना गावच्या अब्द अल-रसूल कुटुंबाला तिथल्याच देर अल-बहरीच्या कड्यात एक गुप्त विहीर सापडली होती. आत राजांची शवं होती. कित्येक वर्षं ते त्यातली एकेक वस्तू बाजारात सोडत राहिले. वस्तू राजघराण्याच्या, पण थडगं कुठलं ते कोणालाच माहीत नाही, म्हणून अधिकाऱ्यांना वास लागला. त्या कुटुंबातल्या अहमदला पकडून मारहाण झाली, तो बोलला नाही. शेवटी घरात भांडण झालं आणि भाऊ मोहम्मदने जागा दाखवली. जुलै १८८१ मध्ये पुरातत्त्व खात्याचे एमिल ब्रुग्श खाली उतरले तेव्हा समोर दुसरा रामसेस, पहिला सेती, तिसरा थुतमोस असे एकाहून एक राजे ओळीने पडलेले. चोरांच्या भीतीने एकविसाव्या राजवंशाच्या काळात पुरोहितांनीच ही शवं थडग्याथडग्यांतून काढून इथे आणली होती आणि हलवल्याच्या नोंदी पेट्यांवर आणि कापडांवर शाईने लिहिल्या होत्या. हलवाहलवीची अशी तारीखवार टिपणं म्हणजे लेखकाला आयतं कथानकच.

यात चोर कोण? वाळवंटात शेतीचा तुकडा नसलेलं कुटुंब, त्यांच्याकडून वस्तू घेणारा शौकीन प्रवासी, की मारहाण करणारा अधिकारी? उत्तर देऊ नका. तिघांनाही आपापली बाजू मांडू द्या.

प्राचीन काळात कथा घडवायची असेल तर तयार खटला हाताशी आहे. नवव्या रामसेसच्या सोळाव्या वर्षी, इ.स.पू. ११००च्या आसपास, थेब्ज नगरात थडगेचोरीची चौकशी झाली. तिचे पपायरस, म्हणजे लव्हाळ्याच्या कागदावरचे लेख, आजही आहेत. आमेनपानुफेर नावाच्या पाथरवटाने जबानी दिली: आम्ही राजा सोबेकेमसाफ आणि त्याच्या राणीचं थडगं फोडलं, सोनं काढलं, शवपेट्यांना आग लावली, आठ जणांत वाटणी केली. प्रत्येकाच्या वाट्याला वीस देबेन, म्हणजे सुमारे एक किलो आठशे ग्रॅम सोनं. मग तो पकडला गेला, स्वतःचा वाटा लाच म्हणून दिला, सुटला आणि साथीदारांकडे परतला. त्यांनी त्याचं नुकसान भरून दिलं. चोरांच्या टोळीतला हा सचोटीचा व्यवहार वाचून मी कितीतरी दिवस अस्वस्थ होते. त्यावर शहराच्या दोन भागांचे दोन नगराधिकारी, पासेर आणि पावेरा, चौकशीआडून एकमेकांवर डाव टाकत होते.

पाचवी पायरी: शापाऐवजी नाव

कार्टरच्या उत्खननाचा खर्च उचलणारे लॉर्ड कार्नार्व्हन एप्रिल १९२३ मध्ये कैरोत वारले. डास चावलेल्या जागी दाढी करताना कापलं, जखम चिघळली, रक्तात विष पसरलं, न्यूमोनिया झाला. थडगं उघडल्याचा शाप लागला, हे बाकीचं वर्तमानपत्रांनी केलं. थडगं उघडणारा कार्टर मात्र १९३९पर्यंत जगला. हे इतकं माहितीतलं आहे की शापावर उभी केलेली कथा पहिल्याच पानावर शिळी वाटते.

तरीही भय हवंच असेल, तर इजिप्तचा माणूस कशाला भीत होता ते धरा. तो नाव पुसलं जाण्याला भीत होता. नाव गेलं की मरणानंतरचं अस्तित्वही गेलं. राजांच्या खोऱ्यातल्या पंचावन्न क्रमांकाच्या थडग्यात १९०७ मध्ये एक शवपेटी सापडली. तिच्या चेहऱ्यावरचं सोनं बरंचसं ओरबाडून काढलेलं आणि राजनामं कापून टाकलेली. आत अस्थी होत्या. त्या कोणाच्या, यावर अजून वाद चालू आहे. कोणीतरी हातात पाती घेऊन, दिव्याच्या उजेडात, फक्त नावाची अक्षरं शोधून कापली. त्या हातावर एक प्रकरण लिहा.

सहावी पायरी: लिपीचं कोडं प्रामाणिकपणे घाला

नायकाने भिंतीवर बोट ठेवून घडाघडा वाचलं, असं करू नका. चित्रलिपी उजवीकडून, डावीकडून किंवा वरून खाली लिहिलेली असते. प्राणी-माणसांची तोंडं जिकडे, तिथून वाचायला सुरुवात. राजाचं नाव लांबट वेटोळ्यात. स्वर लिहीत नसत, त्यामुळे खरा उच्चार कोणालाच नक्की सांगता येत नाही. म्हणून मराठीत तुतानखामेन, तुतनखामुन अशी रूपं दिसतात. तुम्ही एक निवडा आणि शेवटपर्यंत तेच ठेवा. रोजचे हिशेब, पत्रं, जबान्या या चित्रलिपीत नसून तिच्या झरझर लिहायच्या हिएरॅटिक रूपात असत. मंदिराची भिंत वाचू शकणारा तुमचा तज्ज्ञ चोराच्या खापरावर अडखळला, तर ते अगदी खरं वाटेल. चुकीचं वाचन हे कथेतलं सर्वांत चांगलं वळण आहे, कारण त्यात फसवणूक नसते.

सातवी पायरी: दृश्य लिहा, सोनं शेवटी

नवख्या हातून साधारण असं उतरतं: ‘त्याने मशाल पेटवली आणि सोन्याने झगमगणारं दालन पाहून तो स्तब्ध झाला.’ हेच असं करून बघा:

‘भोकातून आलेल्या हवेने मेणबत्तीची ज्योत आडवी केली. हवा ऊन होती, तिला बरीच वर्षं न उघडलेल्या ट्रंकेचा वास होता. रईसने सुमेधाच्या मनगटाला धरून मागे घेतलं. “थांब, या बिंती, माझ्या पोरी. ज्योत सरळ होऊ दे.” ज्योत सरळ झाली. सुमेधाने डोळा भोकाला लावला. आधी काळोख, मग एका मडक्याचा काठ. काठाच्या आत वाळलेलं मलम, आणि मलमात ओढलेली चार बोटं. ती आपली बोटं त्या अंतरावर धरून बघायला लागली. रईस म्हणाला, “काय दिसलं?” ती म्हणाली, “आपल्याआधी कोणीतरी आलंय.”’

मलमातली बोटं मी रचलेली नाहीत. तुतानखामेनच्या थडग्यातल्या मलमाच्या भांड्यांत चोरांच्या बोटांच्या खुणा कार्टरला दिसल्या होत्या. मौल्यवान तेलं आणि मलमं हाच एका चोरीचा माल होता. दृश्याचा क्रम लक्षात ठेवा: हवा, वास, हात, एक छोटी वस्तू, मग माणसाची खूण. सोनं आलंच तर पुढच्या पानावर.

आठवी पायरी: घाई कुठून आणायची?

उत्खनन संथ असतं आणि साहसकथेला वेग लागतो. हा पेच घड्याळ लावून सुटतो. हंगाम थंडीचा, उन्हाळा आला की काम थांबतं. परवाना संपतो. निधी संपतो. ब्रुग्श यांनी कड्यातली ती विहीर गावकरी चालून येतील या भीतीने अवघ्या काही दिवसांत रिकामी करवली, उन्हाळ्याच्या ऐन कहरात. घाईत नोंदी नीट झाल्या नाहीत आणि अभ्यासक आजही हळहळतात. तुमच्या नायिकेपुढेही हाच पेच ठेवा: वाचवायचं की नोंदवायचं?

संथ प्रकरणांसाठी रोजनिशी वापरा. तांबड्या समुद्राकाठी वादी अल-जर्फ इथे २०१३ मध्ये सापडलेल्या पपायरसांत मेरेर नावाच्या मुकादमाची रोजनिशी आहे. तो आपल्या माणसांना घेऊन तुराच्या खाणीतून चुनखडीचे दगड नावेने गिझाला नेत होता, खुफूच्या पिरॅमिडसाठी. आज दगड भरले, आज निघालो, आज मुक्काम. प्रकरणांच्या मध्ये अशा चार-चार ओळी टाकल्या की वाचकाला श्वास घ्यायला जागा मिळते.

मराठी पात्राला तिथे न्यायचं असेल तर

ओढूनताणून नेऊ नका, खरे दुवे आहेत. इजिप्तच्या तांबड्या समुद्रावरचं बेरेनिके हे बंदर भारताशी व्यापार करायचं. तिथल्या मंदिराच्या आवारात भारतीय बनावटीच्या रांजणात साडेसात किलो काळी मिरी सापडली आणि २०२२ मध्ये बुद्धाची संगमरवरी मूर्तीही मिळाली. त्या काळच्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवर्णनात सोपारा, कल्याण, पैठण आणि तेर यांची नावं आहेत. धाराशिवजवळच्या तेरचा माल बैलगाडीने निघून इजिप्तच्या वाळूत पोचतो, ही कथा कोणीतरी लिहायलाच हवी. आणि बडोद्याच्या संग्रहालयात एक इजिप्शियन ममी आहे, सयाजीराव गायकवाडांच्या काळात आलेली. काचेपलीकडे ती निजलेली बघताना माझ्या मनात एकच हिशेब चालतो: हिची मूळ जागा कोणती, आणि मधे किती हात लागले?

शेवटचा हात फिरवताना

पहिला खर्डा झाला की तीन रंगांची पेनं घ्या. पक्क्या माहितीखाली निळी रेघ, रचलेल्या गोष्टीखाली हिरवी, आणि कुठून आलं ते आठवत नसेल तिथे लाल. लाल रेघ असलेलं प्रत्येक वाक्य तपासा किंवा काढा. निळ्या रेघा एकाच परिच्छेदात दाटल्या असतील तर तिथे तुम्ही कथा सोडून व्याख्यान देताय, त्यातली अर्धी माहिती पात्रांच्या हातात वस्तू म्हणून द्या. मग आपली मुख्य वस्तू घ्या आणि ती प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी कुठे, कोणाच्या ताब्यात आहे, याची यादी करा. दोन प्रकरणं ती जागची हलली नसेल तर कथा तिथे अडली आहे. तिथे कोणालातरी फडक्यात काहीतरी बांधायला लावा आणि बाहेर पावलांचा आवाज येऊ द्या.